हिरवा लॅपटॉप, दोन कान आणि तीन मुलं

चिंचोका (शनिवार, रात्री १०:१५)

परवा एका मित्राने घर आवरताना दोन जुने लॅपटॉप माझ्या गळ्यात मारले. पांढरा-हिरवा रंग, उचलायला कडी, पाठीवर ठळक एक्स आणि त्याच्या डोक्यावर ओ, म्हणजे हातपाय पसरलेला माणूस. ओळखलंच असेल तुम्ही. 'एक मूल, एक लॅपटॉप' या प्रकल्पातले एक्सओ-१. २००७ च्या अखेरीस यांचं उत्पादन सुरू झालं, म्हणजे हे माझ्या भाचीपेक्षा वयाने बरेच मोठे. मित्र म्हणाला, "चालतात. पण एकाचाच चार्जर सापडलाय, दुसरा शोधून देतो."

पहिली फजिती माझी आणि भावोजींची. झाकणच उघडेना! आम्ही दोघं नखं घालून, मग पट्टी घालून बघतोय. भाची नऊ वर्षांची, भाचा सहाचा, शिवाय भाचीची एक मैत्रीण, अशी तीन डोकी आमच्या खांद्यावरून बघत होती. भाच्याने हात घातला, दोन्ही बाजूंचे हिरवे कान वर फिरवले आणि झाकण सुटलं. ते कान म्हणजे अँटेना, आणि मिटलेले असले की झाकणाची कडी तेच असतात. त्याला कसं कळलं? "कान होते म्हणून ओढले." बरं.

पहिला आठवडा एकच मशीन. अर्ध्या तासात कॅमेरा सापडला आणि मग तोच. जिभा बाहेर काढलेले सत्तर-ऐंशी फोटो. त्यानंतर तो बोलणारा चेहरा सापडला, म्हणजे टाइप करा आणि तो वाचून दाखवतो. भाच्याने एकच बटण पंधरा वेळा दाबून त्याला इतकं तोतरं केलं की तिघं जमिनीवर लोळत होती. पण चौथ्या-पाचव्या दिवशी उत्साह ओसरला. लॅपटॉप टेबलाखाली गेला. मी मनात म्हटलं, झालं, खेळण्याचं आयुष्य एवढंच.

मग दुसरा चार्जर आला.

दोन्ही मशीन चालू केल्यावर पडद्यावर 'शेजार' दिसतो, त्यात दुसरा लॅपटॉप आपल्या रंगाचा माणूस होऊन उभा असतो. भाची ओरडली, "अगं, तू माझ्यात दिसतेयस!" आणि तिथून पुढे मशीन टेबलाखाली गेलेली नाहीत. सगळ्यात गाजलं ते अंतर मोजायचं. दोन लॅपटॉप लांब ठेवायचे, एकाने आवाज काढायचा, दुसऱ्याने ऐकायचा, आवाजाला लागलेल्या वेळेवरून मधलं अंतर पडद्यावर येतं. तीन संध्याकाळी घरात दुसरं काही झालं नाही. दाराआड ठेवलं तर? मध्ये उशी धरली तर? मी सगळं बोलणं बंद करायचं, कारण "मामा, तू बोललास की आकडा चुकतो."

माझा प्रश्न असा: एकट्या लॅपटॉपला पाच दिवसांत कंटाळलेली मुलं दुसरा आल्यावर का पेटली? आणि मुलांसाठी म्हणून बनवलेल्या या स्वस्त लॅपटॉपांचा इथे कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? जाहिरातीतला नको, घरातला किंवा वर्गातला सांगा.

जाता जाता, एकाचा टचपॅड पिसाळलाय. बाण आपोआप कोपऱ्यात पळतो. उपाय?

---

गंजलेला_स्क्रू (शनिवार, रात्री ११:०२)

आधी टचपॅड. कीबोर्डच्या चार कोपऱ्यांतली चार बटणं एकदम दाबून धरा आणि सोडा. त्याने टचपॅड स्वतःला नव्याने जुळवून घेतो. त्या काळी याला चार बोटांचा सलाम म्हणत. दाबताना टचपॅडवर बोट नको आणि हात कोरडे हवेत. या मशीनचं हे जुनं दुखणं आहे, तुमच्याच वाट्याला आलेलं नाही.

आता थोडं कौतुक करू द्या, कारण हे मशीन मी खोलून पाहिलंय. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण. आज हसू येईल. पण आत हार्ड डिस्क नाही, पंखा नाही, फिरणारं असं काहीच नाही. पडलं तर आपटतं, मोडत नाही. कीबोर्ड रबराचा आणि अखंड, त्यामुळे पाणी सांडलं तरी थेट आत जात नाही. कान मिटले की यूएसबीची तोंडं झाकली जातात. एक गंमत बघा, कॅप्स लॉकचं बटणच नाही. मुलाला ते कशाला लागतं, असा विचार कोणीतरी केलेला आहे.

आणि पडदा! प्रकल्पाच्या तंत्रज्ञानप्रमुख मेरी लू जेप्सन यांनी तो असा बनवला की दिवा लावला की रंगीत, आणि दिवा बंद करून भर उन्हात नेला की काळा-पांढरा, पण छापल्यासारखा स्पष्ट. १२०० गुणिले ९०० ठिपके, साडेसात इंचांत. दुपारी अंगणात नेऊन बघा, आणि मग तुमचा आजचा महागडा लॅपटॉप शेजारी ठेवा.

कडीच्या आत जादा स्क्रू ठेवलेले असतात, हरवले तर म्हणून. ज्याने हे ठरवलं त्याला माझा वेगळा नमस्कार.

---

रिकामटेकडा (रविवार, सकाळी ८:३१)

कौतुकाचा पूर आलेला दिसतोय, म्हणून थोडी माती टाकतो. हलकंच घ्या.

हा प्रकल्प २००५ मध्ये अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपॉन्टे यांनी १०० डॉलरचा लॅपटॉप म्हणून जगापुढे मांडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला नमुना दाखवला, त्याला वीज बनवायला हाताने फिरवायचा दांडा होता. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो फिरवला आणि दांडा हातात आला. विकायच्या मशीनमध्ये दांडा आलाच नाही. १०० डॉलरही आले नाहीत, पहिलं उत्पादन १८८ डॉलरच्या आसपास पडलं. भाषा कोट्यवधी मुलांची होती, वाटली गेली ती वीस-तीस लाख मशीन.

बरं, वाटली त्याचं काय झालं? पेरू या देशाने सगळ्यात जास्त घेतली, आठ लाखांच्या वर. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळा तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. दर विद्यार्थ्यामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं. पंधरा महिन्यांनी गणित आणि भाषेत फरक किती? शून्य.

तुमच्या भाच्याला कान ओढता आले याचा मला आनंदच आहे. पण मुलांना यंत्र पटकन जमतं यात नवल कसलं? त्यांना रिमोटही जमतो. जमणं म्हणजे शिकणं नव्हे.

---

पायरीवरचा (रविवार, सकाळी ९:१०)

रिका, रविवारी सकाळी आठ वाजता माती टाकायला उठतोस, धन्य आहे. बाकी प्रतिसाद पटला. वाचनखूण साठवली.

---

खडूफळा (रविवार, दुपारी १:४५)

रिकामटेकडा, आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच दिलेत. त्याच पाहणीत तर्काच्या आकृत्यांची कोडी, शब्द भराभर आठवणं असल्या चाचण्यांत मुलं थोडी पुढे गेलेली दिसली होती. अभ्यास सुधारला नाही हे खरं. डोक्याला काहीच मिळालं नाही असं मात्र त्या अहवालातही नाही.

आता वर्गातला अनुभव. मी प्राथमिकला शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेला मुलांसाठीचे म्हणून बारा छोटे लॅपटॉप मिळाले. एक्सओ नव्हेत, त्यांच्या मागून बाजारात आलेल्या पिढीतले. पहिले सात महिने ते कपाटात होते. किल्ली वरिष्ठांच्या खिशात. कारण? एखादा फुटला तर भरपाई कोणी द्यायची याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मशीन मुलासाठी दणकट बनवलं आणि ते मोठ्यांच्या भीतीने कपाटात बसलं. मुलं रोज काचेतून बघायची. एकदा एकीने विचारलं, "बाई, ते झोपलेत का?"

शेवटी मीच सही करून बाहेर काढले. वर्गात छत्तीस मुलं, मशीन बारा, म्हणजे तिघांत एक. मला वाटलं भांडणं होतील. झालीच. पण दोन आठवड्यांत प्रत्येक तिकडीत आपोआप तीन कामं वाटली गेली. एक बटणं दाबणारा. एक सांगणारा, "अरे तिथे नाही, वर, वर!" आणि एक नुसता बघणारा. बघणाऱ्याची मला काळजी वाटायची. तो मागे पडणार, असं मी धरूनच चालले होते.

एके दिवशी नळीतून पाणी किती वेळात गळतं याची नोंद करायची होती. दाबणाऱ्यांपैकी चौघं गैरहजर. त्यांच्या जागी बघणारे बसले, आणि मला एकालाही काही सांगावं लागलं नाही. एक मुलगी तर वर्षभर बाकाच्या टोकाला अर्धी लटकलेली असायची. तिने तक्ता केला, नाव दिलं, जपून ठेवला आणि वर मला विचारलं, "आता आलेख काढू का?" हे तिला मी शिकवलं नव्हतं. तिच्या तिकडीतल्या दाबणाऱ्यालाही धड येत नव्हतं. त्याच्या चुका बघून बघून ती शिकली होती.

म्हणून चिंचोका, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: मुलं लॅपटॉपला नाही, लॅपटॉपभोवतीच्या मुलांना चिकटतात. दुसरा लॅपटॉप आला तेव्हा नवीन यंत्र आलं नाही, मैत्रिणीला आत जायला दार मिळालं. 'एक मूल, एक लॅपटॉप' हे नावच मला आता उलटं वाटतं.

---

मोरपीस (रविवार, दुपारी ३:२०)

खडूफळाताई, "ते झोपलेत का" वाचून पोटात कालवलं.

माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहिते. मुलगा सात वर्षांचा. मुलांसाठी असं लिहिलेला एक स्वस्त लॅपटॉप घेतला. भडक रंग, रबरी कडा, चित्रं असलेली बटणं. आत मात्र तेच मोठ्यांचं सगळं, फक्त हळू. चालू व्हायला दोन मिनिटं, मग अपडेट, मग पासवर्ड. पोराने तीन दिवसांत व्हिडिओ कुठे लागतात ते शोधलं आणि त्यानंतर दुसरं काही शोधलंच नाही. आता तो एक छोटा टीव्ही आहे. कोणी मित्र आला तर दोघं गप्प बसून बघतात. दोन मुलं आहेत, पण खडूफळाताईंच्या वर्गातलं काहीच होत नाही. मग माझं काय चुकलं?

---

गंजलेला_स्क्रू (रविवार, सायंकाळी ६:०५)

मोरपीस, तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला रंगवलेला मोठ्यांचा लॅपटॉप विकला गेला.

एक्सओवर 'शुगर' नावाची व्यवस्था असते. तिच्यात फायली आणि फोल्डर नाहीत. 'नोंदवही' असते, मूल जे करेल ते तारखेप्रमाणे आपोआप तिच्यात पडतं. 'प्रोग्रॅम' ऐवजी 'उपक्रम' आहेत आणि त्यातले बरेच दुसऱ्याला बोलावून एकत्र करता येतात. दोघं एकाच कागदावर लिहितात. कासवाला ठोकळे जोडून चित्र काढायला लावतात. काही उपक्रमांची आतली आज्ञावलीही उघडून बघता येते, त्यासाठी कीबोर्डवर वेगळं बटण दिलंय. या सगळ्याच्या मुळाशी सेमूर पॅपर्ट आहेत. मुलांसाठीची 'लोगो' ही भाषा १९६७ मध्ये घडवणाऱ्यांपैकी ते एक. आणि त्यांच्या जोडीला संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के, ज्यांनी १९७२ मध्येच मुलाच्या हातात मावेल अशा संगणकाचं चित्र कागदावर काढलं होतं.

दुर्दैव असं की खरेदी करणाऱ्यांना 'नेहमीचं' हवं होतं. २००८ मध्ये एक्सओवर विंडोज एक्सपी चालवायचं ठरलं. त्याच सुमारास शुगरची बाजू सांभाळणारे वॉल्टर बेंडर प्रकल्पातून बाहेर पडले आणि त्यांनी शुगर लॅब्ज सुरू केली. इकडे बाजारात छोट्या स्वस्त नेटबुकांची लाट आली होती. म्हणजे मुलांसाठीच्या मशीनने मोठ्यांना स्वस्त लॅपटॉप मिळवून दिले आणि मुलांच्या वाट्याला त्यांचे भडक रंगातले अवतार आले. यात माझा राग डोकावतोय, मान्य.

जुन्या लॅपटॉपवरही पेनड्राइव्हवरून शुगर चालतं. करून बघा. जमलं नाही तर इथेच विचारा.

---

रिकामटेकडा (रविवार, रात्री ९:४८)

खडूफळाताई, अर्धे आकडे दिले हा आरोप मान्य. शब्द मागे घेतो, माती नाही.

माझं म्हणणं एवढंच की तुमच्या वर्गात जे झालं त्यात बारा लॅपटॉपांइतकीच एक बाई होती, जिने सही करून कपाट उघडलं. निग्रोपॉन्टे तर पुढे म्हणू लागले की बाईचीही गरज नाही. २०१२ मध्ये इथिओपियातल्या दोन गावांत बंद खोके ठेवले, आत टॅब्लेट, शिकवायला कोणी नाही. चार मिनिटांत एका मुलाने खोकं उघडून चालू करायचं बटण शोधलं, असं त्यांनी सांगितलं. सांगितलं ते त्यांनीच. मुलाने नाही, तटस्थ माणसानेही नाही.

---

वाचनमात्र (रविवार, रात्री ११:३०)

बरीच वर्षं नुसती वाचतेय, आज लिहायचं धाडस करते.

इथिओपियाच्या गोष्टीतही मुलं घोळक्यात होती ना? ते विसरू नये. १९९९ मध्ये सुगाता मित्रा या संशोधकांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला, तेव्हाही एका संगणकापुढे पोरांची झुंबड होती. एकट्या मुलाची गोष्ट या सगळ्यात मला कुठेच सापडत नाही.

आणि एकेकाला लॅपटॉप दिल्यावर काय होतं ते बघायचं तर उरुग्वे. २००७ मध्ये बिया कार्दाल नावाच्या लहानशा गावात सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाकडे एक्सओ. योजनेचं नाव 'प्लान सेइबाल', म्हणून लोक त्या लॅपटॉपला लाडाने 'सेइबालिता' म्हणू लागले. ज्या वस्तूला घरगुती नाव पडतं ती कपाटात राहत नाही. तिथे शाळांपर्यंत इंटरनेट नेलं, दुरुस्तीची सोय उभी केली, शिक्षकांनाही मशीन दिली. पेरूत यातलं बरंच राहून गेलं. लॅपटॉप घरी न्यायलाही सगळीकडे मोकळीक नव्हती.

घरी न्यायचा विषय निघाला म्हणून एक आठवलं. निग्रोपॉन्टे यांनीच २००६ मध्ये सांगितलेली गोष्ट. कंबोडियातल्या ज्या गावात त्यांनी आधी साधे लॅपटॉप दिले होते तिथे वीज नव्हती. आईवडिलांना लॅपटॉप फार आवडला, कारण घरातला सगळ्यात मोठा उजेड तोच होता. मला हा प्रकल्प एरवी कितीही भाबडा वाटला तरी हे चित्र डोक्यातून जात नाही. झाकण उघडलंय आणि त्या उजेडात बाकीच्यांची आपापली कामं चाललीत.

---

पायरीवरचा (सोमवार, सकाळी ७:५५)

वाचनमात्र, आयडी बदला आता. लिहित्या राहा.

---

मोरपीस (बुधवार, रात्री १०:२०)

गंजलेला_स्क्रू दादा, पेनड्राइव्हवरून शुगर चाललं. आवाज येत नाहीये, पण चित्र आहे. मुलाने आधी "व्हिडिओ कुठेत?" विचारलं आणि रुसला. मग मीच कासव घेऊन बसले. मला चौकोन काढता येईना, कासव सारखं भलतीकडे वळायचं. तो दाराआडून बघत होता. शेवटी राहवलं नाही, आला आणि म्हणाला, "आई, नव्वद टाक ना."

खडूफळाताई, म्हणजे आमच्याकडे मी दाबणारी आणि तो सांगणारा. सध्या असंच चाललंय.

---

चिंचोका (शनिवार, रात्री ९:३०)

आठवड्याने येतोय. प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार.

चार बोटांचा सलाम लागू पडला. आता ते भाच्याचं खातं आहे. बाण जरा पळाला की तो दोन्ही हात पसरून चारही कोपरे दाबतो, बाकीच्या दोघी "सलाम!" ओरडतात. कधीकधी बाण पळालेला नसतानाही.

खडूफळाताई, तुम्ही लिहिल्यापासून मी लक्ष ठेवलं. दोन मशीन, तीन मुलं, म्हणजे एक नेहमी बाहेर. मला वाटलं होतं की भाचा बाहेर राहील, सगळ्यांत लहान म्हणून. पण बाहेरची जागा फिरती आहे आणि तिला त्यांनी नाव दिलंय, 'पोस्टमन'. दोन लॅपटॉप दोन खोल्यांत असतात, गप्पांच्या उपक्रमात लिहून निरोप जातातच, तरी पोस्टमन मधल्या बोळातून धावत जाऊन "आला का? काय आला?" विचारून येतो. वायरलेस असूनही! रिकामटेकडा, याने गणित सुधारणार नाही हे मला मान्य आहे. पण सहा वर्षांचा पोरगा निरोप वाचता यावा म्हणून अक्षरं लावायला लागलाय, तेवढं नोंदवून ठेवतो.

अंगणात नेऊन पडदाही पाहिला. दिवा बंद, भर दुपार, अक्षर न् अक्षर स्पष्ट. माझा लॅपटॉप शेजारी ठेवला तर त्यात माझंच तोंड दिसत होतं.

आता नवीन भानगड. दोघांपैकी एकाचं घड्याळ शून्यावर गेलं होतं, तारीख १९७० दाखवत होता. मी ती नीट केली. पण आधीचे फोटो नोंदवहीत पडले होते ते जुन्याच तारखेने. त्यामुळे भाच्याच्या दात पडलेल्या फोटोखाली आता पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी असं येतंय. तो सगळ्यांना दाखवत सुटलाय की मी मामाच्या आधीचा आहे. बंद करून परत लावला की तारीख पुन्हा १९७०. स्क्रू, आतला छोटा सेल गेला असेल का? तो बदलता येतो की टाका काढावा लागतो?

---

गंजलेला_स्क्रू (शनिवार, रात्री ९:५८)

सेलच गेलाय. काढायच्या आधी त्याच्या बैठकीचा जवळून फोटो टाका, मग सांगतो. स्क्रू एका वाटीत ठेवा आणि वाटी पोस्टमनच्या हाती देऊ नका.